आक्काच्या पेटीतला मायचा फोटू

आक्का, तुझा तेरावा झाला, मी सेनगावला परत आले, आणि आता तुझ्याशी भांडायला बसले आहे. रडायला नाही. रडणं तुझ्या अंगणात पोटभर झालं. बायांनी धरून धरून रडवलं मला, एकीच्या गळ्यातून सुटले की दुसरी तयारच. ते सगळं रीतीचं झालं. हे भांडण मात्र आपलं दोघी बहिणींचं आहे आणि ते तू अर्ध्यावर टाकून गेलीस. मी मास्तरीण आहे, शुद्ध लिहायला येतं मला, पोरांच्या पाट्यांवरच्या वेलांट्या रोज दुरुस्त करते. पण तुझ्याशी शुद्ध भाषेत भांडता येत नाही. तू लगेच म्हणायचीस, "आली मोठी सायबीन! आपल्या बोलीत बोल, न्हाई तर गप बस." तर बोलते आपल्या बोलीत. मध्येच तोंड घालायला तू नाहीस, हे एक बरं झालं. बरं कसलं झालं, डोंबल.

मला मायचं तोंड पाहायचं होतं. एवढंच. जन्मात तुझ्याकडं दुसरं काही मागितलं नाही मी. लुगडं मागितलं नाही, दागिना मागितला नाही, माहेरपण करायला ये म्हणून तूच ओढून न्यायचीस तेव्हा यायचे. माय गेली तेव्हा मी अंगावर पीत होते. तू सात-आठ वर्षांची, परकराला गाठ मारून लहानसा हंडा आणायचीस आणि उरलेल्या वेळात मला कडेवर घेऊन फिरायचीस. तुला माय आठवायची. मला काहीच नाही. आवाज नाही, वास नाही, हाताचा स्पर्श नाही. आणि त्या बाईचा सगळ्या जगात एकच फोटो होता. ती गेली त्याच साली जत्रेत काढलेला. तो तुझ्या पेटीत, आणि पेटीची किल्ली तुझ्या कमरेला.

काय ती तुझी पेटी! हिरवी, पत्र्याची, झाकणावर गुलाबाची फुलं, तुझ्या लग्नात आलेली. दुसरी बाई असती तर तिच्यात लुगडी ठेवली असती. तू लुगडी दोरीवर टाकलीस आणि पेटीत फोटो ठेवलेस. पेटीखाली चार विटा, विटांभोवती राख, वाळवी चढू नये म्हणून. आत आधी लिंबाचा वाळलेला पाला, त्यावर धुवून धुवून मऊ झालेल्या लुगड्याचा तुकडा, त्यावर फोटो, आणि दोन फोटोंच्या मध्ये कोरा कागद. एकदा विमलनं, तुझ्या सुनेनं, वर्तमानपत्राचा कागद घातला तर काय उसळलीस तिच्यावर! "शाई सुटती त्याची. उद्या तुझ्या सासऱ्याच्या कपाळावर बातमी छापून निघंल." कोपऱ्याकोपऱ्यात पुरचुंड्या, त्यात हळकुंडाचे तुकडे आणि तंबाखूचं पान. दाजी हळदीच्या आडतीवर कामाला, त्यामुळं घरात हळदीला तोटा नाही. वसमतच्या बाईला हळद कशात घालायची नाही हे कळतच नाही, असं मी चिडवायचे. पण तुझ्या पेटीत कसर कधी शिरली नाही, हेही खरं. तुझं बघून शेजारणीनं हळदीची पूड सरळ फोटोंवर भुरभुरली आणि पावसाळ्यात तिचा सगळा गोतावळा कावीळ झाल्यावानी पिवळा पडला. ती रडत आली, तर तू म्हणालीस, "अगं येडे, हळद अंगाला लावायची असती. फोटूला नुसता वास द्यायचा." मी पोट धरून हसले होते त्या दिवशी.

भिंतीवर फोटो टांगायला तुझा सक्त विरोध. चुलीचा धूर बसतो, उजेड रंग खातो, आणि फ्रेमच्या मागं चिमण्या घरटं करतात. तुझ्या सासूबाई सासऱ्यांच्या फोटोला रोज गंध लावायच्या. काच फुटली तरी लावत राहिल्या. एका पावसाळ्यात सासऱ्यांच्या तोंडाचा चिखल झाला, आणि तेव्हापासून तू फोटोंच्या बाबतीत कुणाचंही ऐकलं नाहीस. घराचं छत गळायला लागलं तेव्हा दाजी ज्वारीची पोती ओढत होते आणि तू पेटी ओढत होतीस. दाजी ओरडले, "अगं, खायचं काय? फोटू?" तू म्हणालीस, "ज्वारी पुढच्या साली बी येती." हे सगळं मी कौतुकानं सांगायचे शाळेतल्या बायांना. माझी आक्का अशी, माझी आक्का तशी. आता आठवलं की अंगाची लाही होते.

कारण सगळ्या गणगोताचे फोटो तुझ्याकडं होते, आणि ज्याचे त्याला तू बराबर काढून द्यायचीस. वारंगा फाट्यावरचा मावसभाऊ ट्रक थांबवून यायचा, आपल्या बापाचा फोटो हातात घ्यायचा, घटकाभर बघायचा, डोळे पुसायचा, परत द्यायचा. पोरीचं लग्न जमवायचं तर पोरीचा फोटो तू काढून द्यायचीस, वर सांगायचीस, "कडंनं धरा, मधी बोट लावू नका." परकी माणसं यायची, त्यांचीही ठेव तू सांभाळायचीस. सगळ्यांना मिळायचं. मला नाही.

लहानपणी मी रडायला लागले की तू म्हणायचीस, "उगी. माय फोटूत हाय. मोठी झालीस की दावीन." मी मोठी झाले. तू म्हणालीस, लगीन ठरू दे. लगीन ठरलं, तर लगीनघरात गेलेल्या माणसाचा फोटू काढत न्हाईत. मी पोटुशी राहिले, तर पोटुशीनं बघू न्हाई. बाळंत झाले, तर बाळंतिणीचं मन हळवं असतं. मग नोकरी लागली, सेनगावला बदली झाली. म्हटलं, आता हिची कारणं संपली असतील. तर तू ऋतू काढलेस! पावसाळ्यात पेटी उघडली की वल धरती. उन्हाळ्यात फोटू तडकतो. थंडीत तुझ्या हाताला भेगा, फोटू खरवडंल. मी म्हटलं, वसमतला स्टुडिओ झालाय, फोटोवरून फोटो काढून देतात, मी आपली नक्कल घेऊन जाते, तुझा तुझ्याकडं राहू दे. तर म्हणे त्याच्या दिव्याच्या झळीनं फोटू जळतो. आता मला सांग, जळत असता तर त्या माणसानं दुकान कशाला टाकलं असतं?

दसरा झाला, हवा कोरडी पडली की वर्षातून एकदा तू अंगणातल्या लिंबाखाली बाज टाकायचीस आणि सगळे फोटो सावलीत पसरायचीस. ऊन लागू द्यायचं नाही, वारा लागू द्यायचा. मी मुद्दाम रजा टाकून यायचे, तर बाज आवरलेली असायची. "कालच झालं बघ. एक दिस आधी आली असतीस तर." दरवर्षी कालच झालेलं असायचं. आणि मी खुळी, मला तो योग वाटायचा.

माझी पोरगी झाली तेव्हा तू तिला मांडीवर घेऊन म्हणालीस, "मायचं नाक घेतलं बघ हिनं." मी म्हटलं, "कसं होतं गं मायचं नाक?" तू पोरीच्या टाळूला तेल चोळत राहिलीस. "फोटूत बघशील की." हे तुझं एकच उत्तर. डोळे कसे होते? फोटूत बघशील. गोरी होती का काळीसावळी? आता फोटूत बघशीलच की. मग मीही विचारायचं सोडून दिलं. फोटो आहे म्हटल्यावर तोंडी कशाला विचारत बसायचं? गावात विहीर असताना कुणी पाण्याच्या गोष्टी ऐकत नाही. असं करून करून तू माझं विचारणंच बंद करून टाकलंस.

आपलं मोठं भांडण झालं ते पावसाळ्यात. मी हिंगोलीला गाडी बदलून, औंढ्यावरून भिजत भिजत आले होते. वाटेत ठरवून आले होते की आज बघितल्याशिवाय उठायचं नाही. तू दारातच म्हणालीस, "वल्ल्या हातानं कशाला हात लावू नको." पेटीचं नावसुद्धा मी काढलं नव्हतं अजून.

"तुझी एकटीची माय होती का गं ती?" मी म्हटलं.

"न्हाई."

"मग दाव ना."

"दावून उपेग न्हाई."

"काहून? काहून उपेग नाही?"

"तू आनखी रडशील."

"मी लेकरू आहे का आता? पोरं मला बाई म्हणतात शाळेत!"

"म्हनू दे. मला लेकरूच हायेस तू. चा घे, गार होऊन राहिला."

मी चहा घेतला नाही. तशीच उठले. तू स्टँडपर्यंत मागं मागं आलीस, पोतं डोक्यावर घेऊन, आणि भाकरीचं फडकं माझ्या पिशवीत कोंबलंस. हिंगोलीच्या स्टँडवर ती भाकर मी रागारागात खाल्ली आणि चांगली लागली म्हणून आणखी राग आला. त्यानंतर सण झाले, आपण बोललो, हसलो, पोरांची अंगडी-टोपडी झाली, पण पेटीचा विषय ना तू काढलास ना मी. मला वाटायचं, पडेल कधीतरी नरम. घाई कशाची? दोघी धडधाकट होतो.

आणि तू भाकरी थापता थापता बसल्या जागी गेलीस. विमल सांगते, हाताला पीठ तसंच होतं. सगळे म्हणतात, बाईला बोलायला वेळच मिळाला नाही. वेळ मिळाला नाही? सगळा जन्म काय करत होतीस मग?

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दाजींनी किल्ली माझ्यासमोर ठेवली. म्हणाले, "इंदू, तूच उघड. आमच्या हातानं न्हाई व्हायचं." विमलनं पेटी ओसरीत ओढून आणली. मी हात धुतले, पदरानं कोरडे केले, पुन्हा पुसले. बघ, तू मेल्यावरही तुझ्या धाकात होते मी. झाकण उघडलं आणि तो वास आला. हळद, लिंब, तंबाखू, आणि त्याच्या तळाशी तुझ्या लुगड्याचा वास. तेवढ्यापुरता माझा राग गेला. खोटं कशाला बोलू.

एकेक कागद उचलत गेले. कुणाचा आजा, कुणाची मुंज, कुणाचा पलटणीतला मामा. सगळे साफ. एकाचा कोपरा दुमडलेला नाही, एकावर बुरशीचा ठिपका नाही. आणि सगळ्यात खाली, वेगळ्या फडक्यात, तो. पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कडेला नक्षी. मी फडकं सोडलं.

काय जपला होतास गं! इतक्या वर्षांचा कागद, पण अण्णांच्या फेट्याचा पीळ न् पीळ मोजून घ्यावा. मागं रंगवलेला पडदा, त्यावर कुठल्यातरी राजवाड्याच्या पायऱ्या. पुढं दोन खुर्च्या. एकीत आपले अण्णा, दुसरीत त्यांचे थोरले भाऊ, आपले मोठे काका, काठीवर दोन्ही हात ठेवून. खुर्च्यांच्या बाजूला माय उभी, तिच्याजवळ तू. कडेवर मी, तोंडाचा आ करून रडून राहिलेली. माझी टाळू दिसते, पायातला वाळा दिसतो. मायच्या हातातल्या बांगड्या दिसतात. मला धरलेली बोटं दिसतात. आणि बोटांच्या वर पदर. डोक्यावरून जो सुटला तो थेट हनवटीच्या खाली. तोंडाच्या जागी नुसतं लुगडं. त्याच्या सुरकुत्या अगदी स्वच्छ आल्यात.

मी फोटो उलटा करून बघितला. का बघितला, कोण जाणे. मागं काय तोंड असणार होतं?

"ही कोण?" मी दाजींना विचारलं.

"कोन म्हंजे? तुझी माय."

"तोंड कुठंय?"

दाजी चष्मा पुसत बसले. पुसून झाला तरी पुसत राहिले. मग म्हणाले, "न्हाई त्यात. पयल्यापासूनच न्हाई."

मी काय काय बोलले ते विमलला विचार. तुझ्या घरात तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुला शिव्या दिल्या, आक्का. लबाड म्हटलं, चोरटी म्हटलं. विमल घाबरून दार लावायला गेली. दाजी म्हणाले, "बोलू दे तिला. हक हाय तिचा."

मग त्यांनी सांगितलं, तू त्यांना सांगितलेलं. जत्रेत फोटूवाला आला होता, हैद्राबादकडला. काळ्या कपड्यात डोकं घालायचा. सगळ्यांना उभं केलं, बसवलं, आणि मायकडं बघून म्हणाला, "बाई, पदर बराबर करा." त्याचं म्हणणं, डोईवरचा पदर एका बाजूला ओघळलाय, नीट घ्या. पण आपल्या घरात 'पदर बराबर कर' हे कधी म्हणायचे? मोठे काका समोरून आले की आपली आजी चुलीपासून ओरडायची, "पदर बराबर कर गं!" म्हणजे तोंड झाक, भासरे आलेत, थोरल्या दिरासमोर तोंड उघडं नको. बिचाऱ्या मायला वाटलं, हा परका माणूससुद्धा बघून राहिला की माझं तोंड उघडं आहे. तिनं ओढला खाली. तो आणखी जोरात, "न्हाई, न्हाई, बराबर करा बाई, बराबर!" तिनं आणखी ओढला. तो डोक्याला हात लावून काही सांगणार, तेवढ्यात मोठे काका म्हणाले, "झालं की बराबर. काढा आता." त्यानं काढला.

एका शब्दापायी! ऐकून मला हसू आलं, आणि मग एवढी चीड आली की तो फोटो चुलीत घालावा. कुणावर चिडू? फोटूवाल्यावर? त्यानं बरोबरच सांगितलं होतं. मायनं बरोबरच ऐकलं होतं. मोठ्या काकांच्या मनात तर दुसरं काही आलंही नसेल. आजीही गेली, काकाही गेले, अण्णाही गेले. चिडायला तूच एक उरलीस, म्हणून तुझ्यावरच चिडते.

"तिनं मला काहून सांगितलं नाही?" मी म्हटलं.

"तू लहान असताना रडायचीस. उगी राहायचीच न्हाईस. तिनं म्हनलं, फोटू हाय. मग तू तेच धरून बसलीस. तिला वाटलं, इसरून जाशील. तू काय इसरली न्हाईस. मग म्हनायची, आता कोनत्या तोंडानं सांगू?"

कोणत्या तोंडानं! तुझं चांगलं धडधडीत तोंड होतं ना, दिवसभर चालू असायचं! विमलला बोलायला होतं, शेजारणीला बोलायला होतं, स्टँडवरच्या कंडक्टरशी सुट्ट्यावरून भांडायला होतं. मला चार शब्द सांगायलाच तेवढं नव्हतं? इंदू, फोटूत काही नाही गं, ये इथं बस, मी सांगते. एवढंच म्हणायचं होतं. मी रडले असते. रडले असते तर रडले असते, मेले नसते त्यानं! रडून झाल्यावर विचारलं असतं. तू सांगितलं असतंस. मला दुसऱ्या कुणाला विचारायची सोय तरी होती का?

आणि यापुढचं ऐक. हे तर मी तुला कधीच माफ करणार नाही. मी दाजींना विचारलं, "तिला आठवायचं का मायचं तोंड?"

"व्हय तर. चांगलं आठवायचं. सांगायची की मला."

"तुम्हाला सांगायची?"

"भाकरी करता करता. माय आशी व्हती, माय तशी व्हती."

"कशी?"

दाजींनी वर आढ्याकडं बघितलं. मी त्यांच्या तोंडाकडं. विमल हातातलं भांडं तसंच धरून उभी. "भुवईचं कायतरी म्हनायची," ते म्हणाले. "न्हाई. हनवटीचं. खळी का कायतरी... का ती तिच्या मावशीची?" मग त्यांचे डोळे भरले. "इंदू, मी ध्यान देऊन ऐकलं न्हाई गं. मला वाटलं, ही हाय की सांगायला."

ज्या माणसाला आपली चप्पल कुठं काढली ते आठवत नाही, त्या माणसाला तू माझ्या मायचं तोंड सांगितलंस! आडतीवरून थकून आलेला, अर्धा झोपेतला माणूस. त्याच्यापुढं सगळं उघडून ठेवायचीस, आणि मी गाड्या बदलत, भिजत, तडफडत यायचे तर मला चहा. फोटो कसा ठेवायचा हे तुला कळत होतं, आक्का. वल कशी टाळायची, कसर कशी टाळायची, वारा किती द्यायचा. पण जे पेटीत नव्हतंच, तुझ्या डोक्यात होतं, त्याला कुठला पाला घातलास? कुणाजवळ ठेवलंस? सगळ्या गणगोताची ठेव परत केलीस आणि माझी तेवढी घेऊन गेलीस. मायला पाहिलेलं शेवटचं माणूस तू होतीस. तू गेलीस म्हणजे मायचं तोंडही गेलं, आता ते कुणाजवळच नाही.

एक गोष्ट मात्र तिथंच आठवली, दाजींसमोर बसल्या बसल्या. माझ्या लग्नात. फोटो काढायच्या वेळी माझ्या सासरची एक म्हातारी म्हणाली, "पोरी, पदर बराबर कर." आणि तू कुठून धावत आलीस देव जाणे. कानाशी थाळी वाजल्यावानी ओरडलीस, "असू द्या! तोंड दिसू द्या तिचं!" माझा पदर तू तुझ्या हातानं मागं सारलास, पार अंबाड्यापर्यंत, आणि फोटो निघेपर्यंत त्या माणसाच्या शेजारी कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस. सासरचे किती नाराज झाले होते. मी तुझ्यावर कितीतरी दिवस रागावले होते, माहेरची माणसं आडदांड आहेत असं मला ऐकून घ्यावं लागलं. माझ्या पोरीला तो फोटो फार आवडतो. म्हणते, माय, किती स्पष्ट आलीस तू. तुझे उपकार आहेत ते, मानते मी. पण त्यानं हा राग फिटत नाही. ते वेगळं, हे वेगळं.

दाजींनी फोटो मला दिला. म्हणाले, "आता तुझाच." मी घेतला. नको म्हणायचं मनात होतं, पण घेतला. विमलनं लुगड्याच्या फडक्यात बांधून दिला, वर पुरचुंडी ठेवली. मी गाडीत बसले. औंढा येईपर्यंत फडक्याला हात लावला नाही. मनात तुला बोलतच होते. शेजारची बाई विचारत होती, "कोन गेलं वो तुमचं?" मी म्हटलं, "बहीण." ती म्हणाली, "आई गं." मी म्हटलं, "व्हय. तीच होती आई, आणि लबाड होती." ती जरा सरकून बसली.

हिंगोलीच्या स्टँडवर सेनगावच्या गाडीला अवकाश होता. ऊन चांगलं लख्ख होतं. मी बाकावर बसून फडकं सोडलं. म्हटलं, एकदा शेवटचं बघते आणि ट्रंकेच्या तळाशी टाकून देते, पुन्हा काढत नाही. बांगड्या बघितल्या, बोटं बघितली. हात घेऊन काय करू मी? स्वतःला बघितलं. कडेवर बसलेली, तिच्या तोंडापासून वीतभर, जरा मान वळवली असती तर दिसलं असतं, आणि मी काय करून राहिले तर काळ्या कपड्यातल्या माणसाकडं बघून भोकाड पसरून राहिले. तेव्हापासूनची खुळी. मग मी तुला बघितलं. तोपर्यंत तुला नीट बघितलंच नव्हतं. तुला काय बघायचं, तू तर रोजचीच.

आक्का, तू कॅमेऱ्याकडं बघतच नाहीस. अण्णा बघतायत, काका बघतायत, मी बघते. तू मायला खेटून उभी, तिच्या लुगड्याचा सोगा मुठीत, आणि मान पार वर केलेली. तुझं डोकं तिच्या कमरेला लागतं. तिथून, खालून, पदराच्या आतलं सगळं दिसत असणार. आणि तू हसून राहिलीस. पुढचे दात पडलेले आहेत तुझे, ते खिंडार दाखवून खदखदा हसून राहिलीस. तोंड जरा हललेलं आलंय तुझं, इतकी हसून राहिलीस.

उगीच कुणी असं हसत नाही. काका पुढ्यात काठी धरून बसलेले, फोटूवाला ओरडून राहिलेला, मी रडून राहिलेली, सगळ्या जत्रेसमोर उभी केलेली ती बाई, आणि पदराच्या आत ती तुला हसवून राहिली होती!

काय करून राहिली होती गं ती? डोळे मिचकावले? जीभ काढून दाखवली? काकांची नक्कल केली? सांग की. आता तरी सांग की, मेले.